तुम्ही विचारलंत म्हणून : कोकणात प्राध्यापक टिकत का नाहीत?

रत्नागिरीपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही कॉलेजच्या कार्यक्रमाला गेले, की जेवताना हा प्रश्न येतोच. "मॅडम, आम्ही चांगली मुलं घेतो. नेट-सेट झालेली, पीएच.डी. झालेली. दोन वर्षांत पुणं नाहीतर मुंबई गाठतात. इथे माणूस टिकत का नाही?" विचारणारे बहुतेक वेळा संस्थेचे पदाधिकारी असतात, कधी प्राचार्य. त्यांची तळमळ खरी असते, म्हणून मीही मनापासून सांगते.

पाऊस, आडबाजूचं गाव, करमणुकीची वानवा ही कारणं मला पटत नाहीत. देशावरून आलेली, पहिल्याच श्रावणात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी लागलेली बघून हबकलेली कितीतरी माणसं पुढे इथे घर बांधून राहिली. जी निघून गेली त्यांच्याशीही मी बोलले आहे. गावाला ती कंटाळली नव्हती. पुढच्या जूनमध्ये आपण नोकरीत असू की नाही, हे त्यांना कोणी सांगत नव्हतं.

तासिका तत्त्वावरच्या, म्हणजे तासाच्या हिशोबाने नेमलेल्या माणसाचं वर्ष कसं जातं ते बघा. घेतलेल्या तासांचे पैसे, तेही कित्येक महिन्यांनी. सुट्टीत काही नाही. नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या फायली, युवा महोत्सवाची तयारी मात्र इतरांच्या बरोबरीने. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत. यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८चे नियम सांगतात की कंत्राटी शिक्षक एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत आणि त्यांना नियमित सहायक प्राध्यापकाच्या एकूण मासिक वेतनापेक्षा कमी देऊ नये. नियमित सहायक प्राध्यापकाचं सुरुवातीचं मूळ वेतनच सातव्या वेतन आयोगानुसार ५७,७०० रुपये आहे. तुमच्या स्टाफरूममधला आकडा आणि हा आकडा शेजारी लिहून बघा. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांना नियमित वेतनश्रेणीतलं किमान वेतन द्यायला सांगितलं. ती माणसं महिना ३०,००० रुपयांवर वर्षानुवर्षं शिकवत होती. ती बातमी वाचून मला इथल्या कितीतरी जणांचे चेहरे आठवले.

खाजगी विनाअनुदानित अभियांत्रिकीची गोष्ट थोडी वेगळी. २०१८मध्ये एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय नियामक परिषदेने, शिक्षक-विद्यार्थी प्रमाण १:१५ वरून १:२० केलं आणि बऱ्याच ठिकाणी माणसं कमी झाली. जी उरली त्यांच्यावर तास वाढले. शासनाकडून शिष्यवृत्तीचा परतावा रखडला की पगारही रखडतो. आणि मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणं! असं करायचं नाही असं नियामक संस्थांनी सांगूनही ते चालतं. माझ्या ओळखीतल्या एका मुलीला दुसरीकडच्या मुलाखतीसाठी स्वतःची एम.टेक.ची पदवी मिळवताना हातापाया पडावं लागलं. पदवी हातात पडल्याबरोबर ती गेली. कागद अडवून माणूस राहतो, असं कोणाला वाटत असेल तर त्याने तिच्याशी बोलावं.

कोकणात तर माणसं टिकणं जास्तच गरजेचं, कारण इथलं संशोधनच लांब पल्ल्याचं आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने १९८१मध्ये रत्ना हा आंबा दिला, नीलम आणि हापूस यांच्या संकरातून. हापुसाला छळणारा साका, म्हणजे आतला गर पांढरट, स्पंजासारखा होण्याचा दोष, त्यात नाही. मग त्याच रत्नाचा हापूसशी पुन्हा संकर करून १९९२मध्ये सिंधू आला, अगदी पातळ कोयीचा. संकर करायचा, कोय रुजवायची, कलम बांधायचं, झाड फळावर येण्याची वाट बघायची, मग कित्येक हंगामांच्या नोंदी. अकरा महिन्यांच्या नेमणुकीच्या ऑर्डरवर हे काम कोण हातात घेईल? काजू, मासे, सड्यावरच्या (कातळाच्या उघड्या पठारावरच्या) वनस्पती, कातळशिल्पं, कुठलाही विषय घ्या. ज्याला तीन पावसाळे तरी इथे काढता येतील याची खात्री आहे, तोच सड्यावर वही घेऊन जातो. आणि एकदा माणूस अशा कामात गुंतला, की पुण्याची जाहिरात आली तरी तो सहजासहजी अर्ज करत नाही. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय.

यावर ठरलेलं उत्तर येतं : "पदभरतीची परवानगी शासन देतं, आमच्या हातात काय आहे?" अनुदानित पदांबद्दल हे खरं आहे. ती परवानगी वर्षानुवर्षं अडवणं हा शासनाचा दोष आहे आणि तो मोठ्याने सांगायला हवा. पण बाकीचं बरंच काही तुमच्या हातात आहे. सुट्टीतल्या दोन महिन्यांचं मानधन संस्थेच्या निधीतून देता येतं. कॅसची, म्हणजे पदोन्नतीची फाईल वेळेत पुढे पाठवायला पैसे लागत नाहीत. त्या वर्षभर पडून राहिलेल्या फाईलींनी जितके कायम प्राध्यापक दुखावले, तितके पगाराने नाही. नव्या माणसाला पहिल्या वर्षी परीक्षा, प्रवेश, जाहिरात सगळं एकदम देऊ नका. प्रयोगशाळेची किल्ली द्या.

आणि घराचं बघा. किनाऱ्यावरच्या गावांत पर्यटकांना दिवसाच्या भाड्याने खोली देणं मालकाला जास्त परवडतं. मग नव्या प्राध्यापकाला मे महिन्यात सामान उचलायची वेळ येते. संस्थेच्या जुन्या इमारतीतल्या दोन-चार खोल्या नीट केल्या तरी पुष्कळ होतं. जोडीदाराच्या नोकरीचा प्रश्न त्याहून अवघड. नवरा सिंधुदुर्गात आणि बायको नाशकात, असा संसार चार-पाच वर्षांच्या पुढे कोणी ओढत नाही. तालुक्यातल्या शाळा, बँका, दवाखाने यांच्याशी तुमच्याच मंडळींची ओळख असते. तिथे शब्द टाका.

तरीही कोणी जायचं म्हटलं, तर रिलीव्हिंग, म्हणजे कामातून मोकळं केल्याचं पत्र, वेळेत द्या. तुमच्याकडे अर्ज करण्याआधी उमेदवार जुन्या माणसालाच फोन करतो.

मला विषयतज्ज्ञ म्हणून मुलाखतींना बोलावता, मी आनंदाने येते. या वेळी एवढंच सांगते : ज्यांना पुढच्या वर्षी ठेवणार आहात त्यांना मार्चमध्येच लेखी कळवा, मग नव्या जागांच्या मुलाखतीची तारीख मला कळवा.