पुढचा बैल बसला होता

गेल्या जुलैत साताऱ्याजवळच्या बामणोलीहून बाइकवर परत येत होतो. पावसाची संततधार, धुकं असं की समोरची एसटी हॉर्न वाजल्यावरच कळावी. कासचा चढ चढताना गाडी अचानक जड झाली. तिसऱ्यातून दुसऱ्यात आलो, दुसऱ्यातून पहिल्यात. बंद पडली नाही, पण ओढेना. आणि आवाज बदलला.

गाडी माझी ह्योसंग ॲक्विला 250, सेकंडहँड घेतलेली. कंपनी कोरियाची, पण गाडीची जोडणी आपल्या वाईत झालेली, त्यामुळे कोणी विचारलं की मी 'सातारा जिल्ह्याची गाडी' असंच सांगतो. अडीचशे सीसीत दोन सिलिंडर, 75 अंशांच्या कोनात. दोघांच्या पिस्टनचे दांडे (कनेक्टिंग रॉड) क्रँकच्या, म्हणजे त्यांनी फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या, एकाच पिनवर, म्हणून ठोके सारख्या अंतराने पडत नाहीत. एक ठोका क्रँक 285 अंश फिरल्यावर, त्यापुढचा 435 अंशांनी. त्या अडखळत्या तालासाठीच तर मी ही गाडी घेतली होती. त्या दिवशी ताल एकदम सरळ झाला, साध्या फटफटीसारखा, आणि तेव्हाच पोटात गोळा आला.

कसाबसा यवतेश्वरचा घाट उतरून घरी आलो. दोन दिवसांनी ऊन पडलं आणि गाडी जणू काही झालंच नव्हतं अशी चालली. मला वाटलं पेट्रोलमध्ये पाणी असणार. टाकी रिकामी करून नवं पेट्रोल भरलं. पुढच्या पावसात पुन्हा तेच. मग इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारा भाग) साफ करायची बाटली ओतली. पुन्हा तेच. शेवटी हायवेजवळच्या एका मोठ्या गॅरेजात नेली. तिथल्या मुलाने लॅपटॉप जोडला, बराच वेळ मान हलवली आणि सांगितलं, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेलाय, अठरा हजार लागतील, आणि मिळेल का तेही विचारावं लागेल. मी 'विचारून सांगा' म्हणालो आणि तिथून निघालो. अठरा हजार ऐकल्यावर माणसाला आपोआप अक्कल येते.

साताऱ्याच्या गोडोलीत एक मिस्त्री आहेत. राजदूत, येझदी, बुलेट यात आयुष्य गेलेलं. सगळे त्यांना मामा म्हणतात. मी सगळी कहाणी सांगितली. मामा बीडी विझवून म्हणाले, "पावसात बसती आन् उन्हात चालती? मग कॉम्प्युटर कशाला बदलताय? पाणी कुठं जातंय ते बगा की. बसंल तवा आणा."

गुरुवारी पाऊस लागला, गाडी बसली, तशीच लंगडत नेली. मामांनी गाडी चालूच ठेवायला लावली. पेल्यात पाणी घेतलं, बोटं बुडवली आणि सिलिंडरमधून धुराचा पाईप निघतो तिथे शिंतोडे उडवले. मागच्या पाईपवर चर्र झालं, थेंब जागच्या जागी उडून गेले. पुढच्या पाईपवर तेच थेंब निवांत ओघळत खाली आले. मामांनी त्या पाईपला चक्क बोट लावून दाखवलं.

"जोडीतला पुढचा बैल बसलाय."

म्हणजे पुढचा सिलिंडर पेटतच नव्हता, म्हणून त्याचा पाईप गार. एवढं निदान. एक पेला पाण्यात. (तुम्ही बोट लावू नका. मामांची बोटं वेगळी आहेत.)

नंतर मामा म्हणाले, "इंजेक्शन-बिंजेक्शन मला न्हाय कळत. पर ठिणगी कळती." गाडी गार होऊ दिली, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, टाकी मागून उचलून खाली लाकडाचा ठोकळा लावला. या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग उघड्यावर नसतो, हेडमध्ये खोल विहिरीत बसलेला असतो. मी 16 चा प्लग पाना घालायला निघालो तर मामांनी मनगट धरलं. आधी हवा. विहिरीत पडलेली माती प्लग काढल्याबरोबर थेट सिलिंडरमध्ये जाते, आणि मग पिस्टन-रिंगचं काम निघतं. प्लगवरची टोपी (वायरमधली वीज प्लगला पोचवणारी) ओढली, पंक्चरवाल्याकडची हवेची नळी आणून आत फुंकर मारली. मारली मात्र, चहाच्या रंगाचं पाणी आमच्या दोघांच्या तोंडावर.

विहिरीच्या बुडाशी बाजूला एक बारीक भोक असतं, आत आलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून. ते चिखलाने लिंपलेलं होतं. मामांनी सायकलची तार घालून ते मोकळं केलं, तर निघालेली माती लालसर, कासच्या रस्त्यावरची. पुढचा सिलिंडर बरोबर पुढच्या चाकाच्या मागे. चाक उडवतं ते सगळं त्याच्या अंगावर. मागचा सिलिंडर कोरडा राहतो, पण त्याला वारा कमी, तो तापतो. दिसायला जुळे, पण एक चिखल खातो आणि एक ताप काढतो.

टोपीच्या आतल्या पितळी भागावर हिरवा कळंक चढला होता. ओल आली की ठिणगी प्लगच्या टोकापर्यंत न जाता बाहेरूनच हेडला पळायची, वाळलं की ठीक. म्हणून उन्हात बरी. वायरचं टोक अर्धा सेंटिमीटर कापलं, आत चकचकीत तांबं दिसलं, नवी टोपी फिरवून बसवली. टोपीच्या तोंडाशी सिलिकॉन ग्रीस. प्लग दोन्ही नवे टाकले, सीआर8ई नंबरचे, दोघांतही ठिणगीची फट फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) 0.7 मिमी. हा प्लग 10 मिमी आट्यांचा, बारका, आणि हेड ॲल्युमिनियमचं, म्हणून सुरुवात हाताने, पाना फक्त शेवटी.

ऑइलही बदलायला लावलं. मला तो खर्च फुकटचा वाटला होता. मामांनी जुनं ऑइल हुंगायला दिलं, त्याला पेट्रोलचा वास. ठिणगी नसली तरी इंजेक्टर पेट्रोल सोडतच राहतो. ते काही सायलेन्सरमधून जातं आणि काही सिलिंडर धुऊन खाली ऑइलमध्ये उतरतं. लंगडत गाडी दामटणं किती महागात पडलं असतं ते तेव्हा समजलं. डब्यावर जेएएसओ एमए (ओल्या क्लचच्या दुचाकींसाठीचं मानक) लिहिलेलं, 10डब्ल्यू-40 जाडीचं ऑइल घातलं. क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, कारचं ऑइल घातलं तर घसरू शकतो.

आता खरं सांगायचं तर यात पावसाएवढाच माझाही हात होता. दर रविवारी मी वॉशिंग सेंटरवर उभा राहून पोराला सांगायचो, इंजिनवर जोरात मार, चमकलं पाहिजे. पोरगं इमानदारीने त्या विहिरीतच प्रेशर मारत होतं. मामांना हे सांगितलं तेव्हा ते काहीच बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं. आता इंजिन बादली आणि ब्रशने धुतो, आणि महिन्यातून एकदा त्या भोकात तार फिरवतो.

मजुरी तीनशे घेतली. निघताना मामांनी ट्रकच्या जुन्या ट्यूबचा वीतभर तुकडा कापला आणि पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकाला दोन रिव्हेट मारून लटकवला, चिखल इंजिनवर येऊ नये म्हणून. मी जरा कुरकुरलो, गाडीचं रूप जाईल म्हणून.

"रूप बगायला थांबायचंय का घरला जायचंय?"

ऑगस्टमध्ये पुन्हा बामणोलीला गेलो. परतताना त्याच चढावर, त्याच पावसात बाजूला थांबलो आणि खाली वाकून बघितलं. पेल्याची गरज नव्हती. पावसाचे थेंब दोन्ही पाईपांवर पडत होते आणि दोन्हीकडून चर्र चर्र वाफ निघत होती. मागून आलेल्या मित्राने हेल्मेटची काच वर करून विचारलं, "काय रे, बसली का?" म्हटलं, नाही. त्याची नजर मडगार्डकडे गेली. "आणि हे काय, एसटीचं फडकं?"