तुम्ही विचारलंत म्हणून: गुरूची परीक्षा कधी घ्यायची?

तंत्रावरचे जुने ग्रंथ वाचायला माझ्याकडे काही मंडळी येतात. तिसऱ्या-चौथ्या बैठकीनंतर त्यांच्यातलं कुणीतरी मागे रेंगाळतं. बाकीचे गेल्याची खात्री करून मग विचारतं, ‘गुरूला शरण जायचं, तो सांगेल ते करायचं, वर ते कुणाला सांगायचं नाही. मग फसवणूक होत असेल तर ती कळणार कधी?’ विचारताना आवाज हमखास खाली येतो, जणू विचारण्यातच काही पाप आहे. म्हणून आधी तेच सांगते. हा प्रश्न अश्रद्धेचा नाही. ज्या ग्रंथांनी गुरूला देवाच्या जागी बसवलं, त्यांनीच तो विचारायला सांगितलंय.

वज्रयानात, म्हणजे बौद्धांच्या तांत्रिक मार्गात, ‘गुरुपंचाशिका’ म्हणून पन्नास श्लोकांचं छोटं प्रकरण आहे, बौद्ध आचार्य अश्वघोषाच्या नावावर चालणारं. गुरूच्या सावलीवरसुद्धा पाय देऊ नये, इतकं बारीक त्यात सांगितलंय. पण सुरुवातीलाच असंही म्हटलंय की गुरूनं शिष्याला आणि शिष्यानं गुरूला आधी पारखून घ्यावं, नाहीतर दोषाचे धनी दोघंही. पुढे हेही येतं की गुरूची आज्ञा योग्य कारणामुळे पाळता येत नसेल, तर तसं नम्रपणे सांगून मोकळं व्हावं. कुलार्णव तंत्र या शाक्त ग्रंथात तर शिवच पार्वतीला सांगतो की शिष्याचं वित्त हरण करणारे गुरू पुष्कळ, शिष्याचा संताप हरण करणारा मात्र दुर्मीळ.

तर परीक्षा आधी. किती आधी? प्रश्नोपनिषदात सहा जण हातात समिधा घेऊन पिप्पलादाकडे येतात. तो त्यांना लगेच काहीच सांगत नाही. म्हणतो, अजून एक वर्ष तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धेनं इथे राहा, मग हवे ते प्रश्न विचारा, ‘यदि विज्ञास्यामः’, आम्हाला माहीत असेल तर सगळं सांगू. मला यातली ‘माहीत असेल तर’ ही अट फार मोलाची वाटते. वर्षभर राहायला लावणारा ऋषी उत्तराची हमी देत नाही. आणि ते वर्ष फक्त शिष्याच्या परीक्षेचं असतं असं मी मानत नाही. वर्षभर एका ठिकाणी राहिलं की गुरू रागावतो कसा, चुकला तर काय करतो, गरीब शिष्याशी कसा बोलतो, हे सगळं आपोआप दिसतं.

मी हे उलट्या क्रमानं शिकले. सव्विसाव्या वर्षी मी एका साधकाकडे गेले. त्यांनी पहिल्या भेटीत माझं नाव विचारलं आणि दुसऱ्या भेटीत मंत्र दिला. ती घाई मला माझ्या योग्यतेची खूण वाटली. मंत्र कुणाला सांगू नकोस म्हणाले, ते रास्तच होतं. काही आठवड्यांनी, दिलेली रक्कम घरी सांगू नकोस म्हणाले. मग एक जुनी साधिका अचानक यायची थांबली, तेव्हा तिच्याबद्दल विचारायचं नाही असं झालं. प्रत्येक वेळी शब्द एकच, ‘गुह्य’. आठ महिन्यांनी मी बाहेर पडले. गुरुद्रोहाचं पाप लागेल अशी भीती निघताना घातली गेली. पुढची दोन-तीन वर्षं ती झोपेत यायची.

त्यामुळे गुप्ततेबद्दल मला सविस्तर बोलावंसं वाटतं. सगळी गोम तिथेच आहे.

गुह्य परंपरांमध्ये मंत्र, ध्यानाची पद्धत, प्राणाचे प्रयोग गुप्त राहतात, कारण ते एका माणसासाठी मापून दिलेले असतात. वैद्यानं एकाला दिलेली मात्रा दुसऱ्यानं घेऊ नये, तसंच हे. शिवाय अनुभव सांगत सुटलं की तो सांगण्यापुरताच उरतो, हे साधना करणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. म्हणजे गुप्त असते ती साधना. गुरूचं वागणं गुप्त नसतं. पैसे कुणी घेतले, कुणाला दुखावलं, कोण का निघून गेलं, हे कोणत्याही तंत्रातलं रहस्य होऊ शकत नाही. गुह्य म्हणजे जपलेलं, आणि लपवलेलं म्हणजे लपवलेलंच. या दोन्हींना एकच शब्द वापरला जायला लागला की तिथून उठावं, इतकं स्पष्ट माझं मत आहे. १९९३ मध्ये धर्मशाळेत दलाई लामांसोबत पाश्चात्त्य बौद्ध आचार्यांची बैठक झाली, तेव्हा हाच पेच समोर होता. त्यानंतरच्या जाहीर पत्रात शिष्यांना सांगितलं गेलं की आचार्याच्या गैरवर्तनाबद्दल त्याला जाब विचारा, आणि पुरावा पक्का असूनही तो सुधारत नसेल तर ते उघड करा. वज्रयानात समयाची, म्हणजे गुरुशिष्यांमधल्या प्रतिज्ञेची बंधनं किती कडक असतात हे माहीत असेल, तर या सल्ल्याचं वजन कळेल.

इथे कुणीतरी तिबेटी योगी मिलारेपाची गोष्ट काढतं. त्याच्या गुरूनं, मार्पानं, त्याला एकामागून एक दगडी बांधकामं उभारायला लावली आणि पाडायलाही लावली, पाठीला जखमा झाल्या तरी दीक्षा दिली नाही. मग गुरूनं छळलं तर सोसायला नको का? या गोष्टीइतका गैरवापर दुसऱ्या कुठल्या गोष्टीचा झाला नसेल. मिलारेपा मार्पाकडे आला तो जारणमारणानं पस्तीस माणसं मारून. त्याच्या पाठीवरचा दगड त्याच्या कर्माच्या मापाचा होता. तो मार्पाला सोडून दुसऱ्या लामाकडे गेला होता, हेही सांगणारे गाळतात. मार्पाची बायको दगमेमा त्याच्यासाठी रडत होती, नवऱ्याशी वाद घालत होती, आणि परंपरेनं तिला वाईट ठरवलेलं नाही. शेवटी मार्पानं सगळ्यांसमोर आपण असं का वागलो ते उलगडून सांगितलं. कारण न सांगता आयुष्यभर दगड वाहायला लावणाऱ्यानं मार्पाचं नाव घेऊ नये.

सूफी म्हणतात, मुरीदानं, म्हणजे शिष्यानं, मुर्शिदाच्या, म्हणजे गुरूच्या हाती असं असावं जसं प्रेत न्हाऊ घालणाऱ्याच्या हाती. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला शहारा आला. पुष्कळ दिवसांनी लक्षात आलं की न्हाऊ घालणाऱ्याला प्रेताकडून काहीच मिळवायचं नसतं. या उपमेचा अर्धा भार त्याच्या हातांवर आहे, आणि शरणागतीची प्रवचनं देणारे नेमका तोच विसरतात.

मला स्वतःला कुलार्णवातल्या तीन आया जास्त जवळच्या वाटतात. पक्षीण पंखांच्या उबेनं पिलं वाढवते, ती स्पर्शदीक्षा. मासोळी नुसतं बघून, ती दृष्टीची दीक्षा. कासवी दुरून, नुसत्या आठवणीनं, ती मनाची दीक्षा. (आपल्या संतांच्या ओव्या-अभंगांत कासवीच नजरेनं पिलं पोसते, इथे ते काम मासोळीकडे गेलंय.) यात राजा-प्रजा नाही, मालक-नोकरही नाही. तिन्ही पिलं वाढतात आणि आपापल्या वाटेनं जातात.

आणि नाथपंथानं तर याच्याही पुढची गोष्ट जपली. मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात रमले, योग विसरले. गोरक्ष त्यांना आणायला गेला, तेव्हा त्याच्या मृदंगातून बोल उमटले, ‘चलो मच्छिंदर, गोरख आया’. शिष्य गुरूला जागं करतो! पंथाला ही गोष्ट दडपता आली असती. आद्य गुरूचं असं विस्मरण कोण मिरवेल? तरी ती शेकडो वर्षं सांगितली गेली, गायली गेली. त्याच परंपरेत पुढे गहिनीनाथ, निवृत्तिनाथ, ज्ञानदेव. गोरक्षानं गुरूला सोडलं नाही, आणि गुरू घसरलाय हे बघायलाही डोळे मिटले नाहीत. शरणागतीचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही.

त्या पहिल्या अनुभवानंतर सहा वर्षांनी मी ज्यांच्याकडे गेले, त्या वृद्ध बाई होत्या. ‘आधी वर्षभर नुसती ये,’ म्हणाल्या. मी गेले. मंत्र मिळायला दोन वर्षं लागली. त्या काळात मी त्यांना पुष्कळदा चुकताना पाहिलं, आणि चूक लक्षात आल्यावर दिवा लावायला आलेल्या मुलीचीही माफी मागताना पाहिलं. मंत्र मिळाला त्या दिवशी माझ्या मनात शंका उरली नव्हती, कारण शंकांना त्यांनी भरपूर वेळ दिला होता.

त्यांच्याजवळ अकरा वर्षं झाल्यावर माझी साधना एका जागी अडली. मी बोलले नव्हते, पण त्यांना दिसत होतं. एका संध्याकाळी त्यांनी काश्मिरी शैव आचार्य अभिनवगुप्तांचा तंत्रालोक हा ग्रंथ उघडला आणि तेरावं आह्निक, म्हणजे प्रकरण, काढून माझ्यापुढे सरकवलं. सुगंधासाठी भुंगा जसा या फुलावरून त्या फुलावर जातो, तसा ज्ञानाची ओढ असलेला शिष्य एका गुरूकडून दुसऱ्या गुरूकडे जातो, असा श्लोक तिथे आहे. स्वतः अभिनवगुप्त कितीतरी गुरूंकडे शिकले, कौलमार्ग हा तंत्रसाधनेचा पंथ शंभुनाथांकडे. मी वाचलं आणि रडायला लागले. मला वाटलं, त्या मला दूर करताहेत. त्यांनी रडू दिलं. मग उशीखालून एक बंद पाकीट काढलं. ते आधीच लिहून ठेवलेलं होतं, दुसऱ्या एका आचार्यांच्या नावे. पुढे त्या आचार्यांनी मला ते पत्र वाचायला दिलं. आत दोन ओळी होत्या: ‘हिला माझ्याकडे होतं ते दिलं आहे. पुढचं माझ्याकडे नाही, आपण पाहावं.’