तुम्ही विचारलंत म्हणून: चेहरा मोजून उंची कळते का?

मी फॉरेन्सिक शिकवते हे कळलं की लग्नकार्यात पण कोणीतरी विचारतंच, मॅडम अनोळखी मृतदेहाचा नुसता चेहरा मोजून बाई की पुरुष, उंची किती, हे खरंच सांगता येतं का? येतं. पण किती खात्रीने, ते कोणी विचारत नाही आणि माझ्या मते खरा मुद्दा तोच आहे.

मोजायची पद्धत तशी साधी. कॅलिपरचं, म्हणजे दोन टोकांमधलं अंतर मोजायच्या साधनाचं, एक टोक नाकाच्या मुळाशी, जिथे नाक कपाळाला मिळतं तिथे, दुसरं हनुवटीच्या खालच्या कडेला, ही चेहऱ्याची लांबी, मग गालाच्या दोन हाडांमधली जास्तीत जास्त रुंदी. दात मिटलेले हवेत, तोंड जरा उघडं राहिलं की लांबी वाढलीच, आणि म्हातारपणी दात पडून जबडा झिजला असेल तर तीच लांबी कमी येते. पाण्यात राहून चेहरा सुजला असेल तर वरून घेतलेल्या मापाला काही अर्थ नाही, मग हाडावरच मोजायचं.

पुरुषांची मापं सरासरीने मोठी असतात पण मोठ्या चेहऱ्याच्या बायका आणि लहान चेहऱ्याचे पुरुष आपण रोजच बघतो ना, त्यामुळे बाई की पुरुष ठरवायला कमरेचं हाड मिळालं तर मी आधी तेच बघते.

उंचीचं अजून अवघड. ट्रॉटर आणि ग्लेसर या संशोधकांनी 1952 मध्ये अमेरिकन लोकांच्या हाडांवरून जी सूत्रं दिली त्यात नुसत्या मांडीच्या हाडावरून सुद्धा 3-4 सेंटीमीटरची प्रमाण त्रुटी आहे, म्हणजे अंदाज साधारण तेवढा इकडेतिकडे होतो, आणि चेहऱ्याचं उंचीशी नातं त्याहून कितीतरी सैल. समजा त्रुटी 6 सेंटीमीटर आली आणि उत्तर 165, तर 95 टक्के खात्रीने बोलायचं तर दोन्हीकडे त्रुटीच्या दुप्पट धरून 153 ते 177 म्हणावं लागतं, म्हणजे आपल्याकडचे बहुतेक पुरुष आलेच त्यात!

त्यात सूत्र ज्या लोकांवर बसवलं त्यांनाच ते नीट लागू पडतं. आता ठाण्याच्या खाडीत अनोळखी बॉडी मिळाली तर माणूस कोकणातला, खानदेशातला, बिहारचा की नेपाळचा, काय माहीत? इथे तर सगळीकडचे लोक राहतात. मग सूत्र कुठलं लावायचं?

म्हणून मी विद्यार्थ्यांच्या मागे लागते की रिपोर्टमध्ये एकच आकडा लिहू नका, रेंज लिहा. 165 वाचून कोणी मिसिंगच्या नोंदी चाळल्या की 172 वाल्याची नोंद बाजूला पडते आणि त्याची आई वाट बघत राहते. शिवाय घरच्यांनी तक्रारीत सांगितलेली उंची पण बऱ्याचदा अंदाजानेच असते, "माझ्याएवढा होता" अशी.

घरात कोणी हरवलं असेल तर उंचीसोबत हे पण नक्की सांगा: कुठला दात पडलाय, कधी हाड मोडलं होतं, आत प्लेट बसवली असेल तर ऑपरेशनचे कागद आणि एक्सरे. आईवडिलांचं रक्त डीएनएसाठी द्यायची तयारी आहे हेही स्वतःहून बोला, कारण चेहऱ्याच्या मापावरून फार तर यादी थोडी छोटी होते, ओळख मात्र या गोष्टींनीच पटते.