आमची वाटचाल: परातीतले खेळ आणि गोव्याची हवा

फोंड्याजवळच्या एका घराच्या मागल्या पडवीत आमचं काम चालतं. बसू लागलेल्या बाळापासून पाच-सहा वर्षांच्या मुलापर्यंत स्पर्शाचे, रंगाचे, वासाचे खेळ घरातल्याच जिनसांतून कसे मांडायचे हे शिकवायचं आणि त्यासाठी लागणारी कोरडी मिश्रणं, रंग, साचे पुरवायचे, हा आमचा व्यवसाय. सुरुवात रंगीत कणकेच्या तयार डब्यांपासून झाली. आज तयार कणीक आम्ही विकत नाही, कोरडं मिश्रण देतो आणि ते शिजवायला शिकवतो. हा बदल घडवला दोन गोष्टींनी: गोव्याची दमट हवा आणि बाळाचं तोंड. पुढचे सगळे निर्णयही या दोघांना विचारूनच झाले.

खेळायच्या कणकेची जगभर चालणारी कृती अशी: १ वाटी मैदा, अर्धी वाटी मीठ, १ वाटी पाणी, १ मोठा चमचा तेल, २ छोटे चमचे क्रीम ऑफ टार्टर (बेकिंगमध्ये वापरायची आंबट पांढरी पूड). कोरड्या हवेच्या गावात ही कणीक डब्यात महिनोन् महिने राहते. आपल्याकडे जूनमध्ये मिठाच्या बरणीत पाणी सुटतं, तेच या कणकेचंही होतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळू लागतं, आणि पावसाळ्यात आपल्या सकाळी ९० टक्क्यांच्या घरात असतात. डबा उघडला की कणीक हाताला चिकटते, पृष्ठभाग ओशट होतो. मीठ कमी करावं तर चार दिवसांत बुरशी. परिरक्षक घालून डबे टिकवता आले असते, पण तीन वर्षांखालचं मूल प्रत्येक वस्तू तोंडात घालतं. म्हणून टिकण्याचा हट्टच सोडून दिला. हवाबंद पाकिटात कोरडं मिश्रण द्यायचं, पाहिजे तेव्हा पाहिजे तेवढं शिजवायचं, असं ठरलं.

आमच्या मिश्रणात १ वाटी मैद्याला पाव वाटीच मीठ असतं. घरी त्यात १ वाटी पाणी, १ मोठा चमचा तेल आणि २ छोटे चमचे लिंबाचा रस घालायचा. क्रीम ऑफ टार्टर खेड्यापाड्यात मिळत नाही, आंबटपणाचं काम लिंबू करतं. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर चार-पाच मिनिटं सतत ढवळायचं. आधी गुठळ्या दिसतात, मग गोळा कढईची कड सोडतो. सोडल्यावरही अर्धा मिनिट परतायचं आणि सोसवेल इतकं गरम असतानाच तेलाच्या हाताने मळायचं. बहुतेकांची कणीक इथे फसते. चिकट लागली म्हणून वरून कोरडा मैदा घालतात. तिचा भुगा पडू लागतो आणि कच्चं पीठ मुलाच्या तोंडात जातं. कच्च्या पिठात रोगजंतू असू शकतात, म्हणून तर ते शिजवायचं. चिकट म्हणजे कमी शिजलेली, तिला परत आचेवर घ्या. भेगा पडत असतील तर पाणी जास्त आटलंय, ओल्या हाताने मळा. फ्रीजमध्ये हवाबंद डब्यात ती आठवडाभर राहते. आंबूस वास आला की टाकून द्या, पुन्हा शिजवून ती सुधारत नाही.

दोन वर्षांखालच्या मुलांना ही कणीकही आम्ही देऊ देत नाही. मिठाचा मोठा घास पोटात गेला तर रक्तातलं सोडियम वाढतं आणि लहान मुलाला ते धोक्याचं असतं. त्यांच्यासाठी मोदकाची उकड! १ वाटी तांदळाचं पीठ, १ वाटी पाणी, १ छोटा चमचा खोबरेल तेल, मीठ अजिबात नाही. पाण्याला उकळी आली की पीठ घालून झाकण ठेवायचं, वाफ काढायची, मळायचं. गव्हासारखा चिकटपणा नसल्यामुळे उकड सुकली की फाटते, म्हणून खेळ चालू असताना उरलेला गोळा ओल्या फडक्याखाली ठेवावा. मोदक, पातोळ्या करणाऱ्या घराला हे सांगावंही लागत नाही. मात्र ही उकड त्याच दिवसाची. शिजलेला भात जसा बाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी बाळाला भरवत नाही, तसंच इथेही.

रंगांवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि ते आमचं आवडीचं खातं आहे. हळद सोपी: वाटीभर पिठाला अर्धा छोटा चमचा पुरे. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला की ती लालसर होते, हळदीला चुना लावून कुंकू होतं तोच हा प्रकार. चार-पाच वर्षांच्या मुलांना हा बदल डोळ्यांसमोर दाखवावा, परातीभोवतीचा गलका ऐकण्यासारखा असतो. बिटाचा गुलाबी रंग आचेवर तपकिरी पडतो, म्हणून बिटाचा रस कणीक उतरवल्यावर मळताना घालायचा आणि तेवढं पाणी आधीच कमी धरायचं. पालकाचा हिरवा लिंबाने शेवाळी होतो. गोकर्णाचा निळा लिंबाने जांभळा होतो. तेव्हा हिरव्या आणि निळ्या कणकेत लिंबू घालूच नये. ती दोन दिवसांतच संपवावी लागते, हे पाकिटावर लिहिलेलं असतं. गोकर्णाची दहा-बारा फुलं वाटीभर उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवली की शाईसारखं निळं पाणी मिळतं. वेलीवरून फुलं काढताना शेंगा सोबत येऊ देऊ नयेत, त्यांच्या बियांनी जुलाब होतात. कपड्यावर हळद लागली तर धुऊन कडक उन्हात घाला, ऊन हळदीचा रंग खातं. बिट मात्र लगेच गार पाण्यात धुवावं. शिगम्याचे सुटे रंग आणि रांगोळीची पूड आम्ही कुठल्याच वयाच्या संचात घालत नाही. रांगोळी दगडाची असते, तिची धूळ श्वासात जाते.

परदेशी खेळांच्या यादीत पाण्यात फुगणारे रंगीत मणी हमखास असतात. ते आम्ही कधीच ठेवले नाहीत. गिळलेला मणी आतड्यात फुगत राहतो आणि अडथळा होऊन शस्त्रक्रियेची वेळ येते. तोच बुळबुळीत स्पर्श सब्जा देतो. १ मोठा चमचा सब्जा २ वाट्या पाण्यात अर्धा तास भिजवायचा, मधे दोनदा ढवळायचा, म्हणजे गठ्ठे होत नाहीत. पूर्ण फुगल्याशिवाय परातीत ओतायचा नाही, कारण कोरडं बी घशात जाऊन तिथे फुगणं हाही धोकाच. शिजवलेला साबुदाणाही चांगला, पण गार पाण्यातून काढून पिठूळपणा धुतला तर मोकळा राहतो, नाहीतर परातीत खळ तयार होते.

खेळाची परात म्हणजे घरातली साधी ४० ते ४५ सेंटिमीटरची स्टीलची परात. प्लॅस्टिकच्या टबापेक्षा ती बरी: काठ बुटका, बाळाचा हात सहज पोचतो, आणि चमचा आपटला की आवाजही येतो. कॉर्नफ्लोअर २ वाट्या आणि पाणी १ वाटी एवढं कालवून त्यात ओतलं की मुठीत दाबताना घट्ट, सोडलं की पातळ होणारं मिश्रण मिळतं. पाण्याचा अंदाज चुकतो तो घाईने. शेवटची पाव वाटी चमच्या-चमच्याने घाला. हे मिश्रण मोरीत ओतू नका. पीठ तळाला बसून नळी तुंबते. परात उन्हात वाळवली की खरवडून कचऱ्यात टाकता येतं.

रंगीत तांदूळ करताना १ वाटी तांदळाला १ छोटा चमचा व्हिनेगर आणि खाण्याच्या रंगाचे चार-पाच थेंब, सगळं बंद पिशवीत घालून हलवायचं. आपल्या उकड्या तांदळावर रंग मंद उठतो, पांढराच घ्यावा. एकेरी थरात पसरून वाळवायचा. पावसात पंख्याखाली रात्रभर ठेवूनही ओल राहिली तर १०० अंशांच्या ओव्हनमध्ये दहा-पंधरा मिनिटं. पोरकिडे टाळण्यासाठी कच्चे तांदूळ आधी चार दिवस फ्रीजरमध्ये ठेवतो. तांदूळ, चणे, वाटाणे यांची कोरडी परात तीन वर्षांनंतरच, आणि मोठं माणूस समोर बसून. नाकात गेलेला वाटाणा तिथे ओलाव्याने फुगतो. राजमा रंगाने सुंदर, पण कच्चा पोटात गेला तर विषारी, म्हणून तो आमच्याकडे नाही.

गोव्याच्या रानातून आणि भाटातून, म्हणजे बागायतीतून, मिळणाऱ्या वस्तूंबद्दल इथे स्पष्ट लिहायला हवं, कारण पालक हौसेने गोळा करून आणतात. गुंजा मुलांच्या हाती देऊच नयेत. लाल-काळं ते देखणं बी चावून फुटलं तर त्यातलं विष जीव घेऊ शकतं. एरंड आणि कण्हेरही दूरच. काजूची कच्ची बी, तिचं टरफल, दोन्ही नकोत: टरफलातल्या तेलाने कातडी भाजते. चवथीला माटोळीवरून, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या चौकटीवरून, उतरवलेली सगळीच फळं खेळायची नसतात, लालबुंद कवंडळ बाजूला काढा. याउलट घासून गुळगुळीत केलेली करवंटी, नारळाचं सोडण, पोफळीची विरी (झावळीच्या बुडाचं रुंद आवरण), केळीच्या गाभ्याचे गोल काप, फणसाची पानं हे सगळं चांगलं. केळीच्या गाभ्याचा काप घट्ट रंगात बुडवून कागदावर दाबला तर जाळीची नक्षी उमटते. काप आधी फडक्यावर पाच मिनिटं टेकवून ठेवा, नाहीतर त्याचं पाणी रंग फिका करतं. शिवाय त्याचे डाग जात नाहीत, कपडे जुने घाला.

बसू लागलेल्या बाळांसाठी आमची टोपली आहे. एलिनॉर गोल्डश्मीड या ब्रिटनमधल्या बालशिक्षणतज्ज्ञ बाईंनी मांडलेल्या ‘खजिन्याच्या टोपली’वरून ती घेतली: बुटकी, भक्कम, विनामुठीची, आणि आत घरातल्या खऱ्याखुऱ्या वस्तू. आमच्या टोपलीत करवंटीची डवली (पळी), छोटी लाकडी रवी, पितळेचा पेला, घोसाळ्याच्या चोथ्याचा जाड तुकडा, कुणबी लुगड्याच्या चौकडीच्या कापडाची घडी असते. कापडाचा लाल रंग सुटतो का ते पाहायला कोमट पाण्यात भिजवून पांढऱ्या रुमालावर दहा मिनिटं दाबून ठेवतो. डाग पडला तर ते कापड बाद. प्रत्येक वस्तू ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्यातून तपासतो. त्यात पूर्ण मावणारी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते, असं खेळण्यांच्या सुरक्षेचं मोजमाप आहे. घरी टॉयलेट पेपरच्या आतली पुठ्ठ्याची नळी वापरा. ती थोडी रुंद असते, म्हणजे चाचणी आणखी कडक. टोपली आठवड्यातून एकदा रिकामी करून लाकूड कोरड्या फडक्याने पुसायचं, उन्हात ठेवायचं. पावसाळ्यात डवलीवर बुरशीचे ठिपके दिसले की ती बाळाच्या टोपलीतून कायमची बाहेर.

१ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. नोंदणीकृत हस्तकलाकारांनी स्वतः बनवून विकलेल्या वस्तूंना त्यात सूट आहे. तेव्हापासून तयार खेळणं बनवण्यापेक्षा पालकांना आणि बालवाडीच्या बाईंना करायला शिकवणं हाच आमचा मुख्य भाग झाला. पुढे २०२३ मध्ये एनसीईआरटीचा ‘जादुई पिटारा’ हा लहान मुलांना खेळातून शिकवायच्या साहित्याचा संच आला, गोव्यात २०२३-२४ पासून पायाभूत स्तरावर नवं शैक्षणिक धोरण लागू झालं, आणि बालवाड्यांकडून विचारणा वाढली. कार्यशाळेत दहा पालकांमागे एक शेगडी लागते, त्याहून कमी असेल तर कणीक शिजवण्याऐवजी ती पाहण्यातच वेळ जातो.

दिवाळीपूर्वी मागणी असते ती टांगायच्या नक्षीची. मिठाच्या कणकेचे भाजलेले तारे पुढच्या पावसात मऊ पडतात, म्हणून आम्ही २ वाट्या खाण्याचा सोडा, १ वाटी कॉर्नफ्लोअर आणि दीड वाटी पाणी मंद आचेवर बटाट्याच्या लगद्याइतकं घट्ट होईपर्यंत शिजवतो. ओल्या फडक्याखाली गार करून अर्ध्या सेंटिमीटर जाडीचे तुकडे कापायचे, भोक तेव्हाच पाडायचं, एक दिवस एका बाजूने आणि एक दिवस दुसऱ्या बाजूने वाळवायचं. न उलटता वाळवले तर कडा वर वळतात. हेच तुकडे आकाशकंदिलाला चालतात आणि नाताळच्या ताऱ्यालाही. सोडाही सोडियमच, तेव्हा हे काम तीन वर्षांनंतरचं.

नरकासुराच्या मुखवट्यासाठी कागद चिकटवायची खळ मागणाऱ्यांना एकच विनंती: जुन्या पद्धतीप्रमाणे तिच्यात मोरचूद घालू नका, तो विषारी आहे. १ वाटी मैदा ५ वाट्या पाण्यात शिजवून वर १ मोठा चमचा व्हिनेगर घाला आणि दोन दिवसांत संपवा. कागदाचे थर एका वेळी तीनच द्या. चौथा ओल्यावर बसवला तर आतून कुबट वास येतो. ऑक्टोबरचं ऊन असेल तर तिसरा थर संध्याकाळपर्यंत कडक होतो, ढगाळ असेल तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहावी.