तासाला 70 डॉलर

माझा भाचा अमेरिकेत डेट्रॉइटजवळ राहतो, मोटारींच्या धंद्यातच आहे. 2008 पासून तो एकच आकडा ऐकवतो: "मावशी, तिथल्या मोटार कारखान्यातला युनियनवाला तासाला 70 डॉलर पाडतो. मग कंपनी बुडणार नाही तर काय?" यंदा दिवाळीला बडोद्यात आला तेव्हाही तेच. हालोलचा जनरल मोटर्सचा कारखाना 2017 मध्ये बंद झाल्यापासून इथे त्याच्या म्हणण्याला माना डोलवणारे पुष्कळ भेटतात. मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका सुट्या भागांच्या कारखान्यात, पगारपत्रकं करण्यात नोकरी काढली. म्हणून हे लिहिते आहे.

तिथल्या कामगाराची तासाची मजुरी तेव्हा होती साधारण 28 डॉलर. विमा, रजा, ओव्हरटाइम धरला तरी 70 होत नाहीत. वरची भर निवृत्त कामगारांच्या पेन्शनची आणि औषधपाण्याची, आणि तिला भागलं कशाने, तर आज कामावर असलेल्यांच्या तासांनी! माणसं कमी केली की भाजक लहान होतो, आकडा फुगतो, आणि कोणाच्या हातात एक सेंट जास्त पडत नाही. तुलना व्हायची ती टोयोटाशी, आणि टोयोटाचा अमेरिकेतला केंटकीचा कारखाना 1988 चा. तिथे तेव्हा निवृत्त झालेले असे किती असणार?

खर्च खोटा नव्हता, हे भाच्याचं बरोबर आहे. जून 2009 मध्ये जनरल मोटर्सने दिवाळखोरीचा अर्ज केलाच. पण पेन्शन 1950 च्या करारापासून कबूल केलेली होती. ती त्या माणसांनी काम करतानाच कमावली होती. आपल्याकडे ग्रॅच्युइटीचे वर्षाला 15 दिवसांचे पैसे तसेच साठत जातात. मालकाने वेळच्या वेळी तरतूद केली नाही, तर त्याचं खापर आज लाइनवर उभ्या असलेल्या पोरावर का?

मला खरा राग आहे तो कंपन्या आणि युनियन यांच्या 2007 च्या कराराचा. नव्या भरतीला साधारण 14 डॉलर, शेजारच्या जुन्याला 28. काम तेच. आणि त्यावर युनियनची सही! हे मी जवळून पाहिलं आहे. आमच्या प्रेस शॉपमध्ये पर्मनंट माणसाचं नाव माझ्या रजिस्टरला असायचं. त्याच यंत्रावरचा कॉन्ट्रॅक्टचा पोरगा मला फक्त ठेकेदाराच्या बिलात दिसायचा, तोही नुसता एक आकडा म्हणून. सारख्या कामाला सारखं वेतन, हे 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांत लिहिलेलं होतं. करार झाला की पेढे मात्र पर्मनंटवाल्यांतच वाटले जायचे.

म्हणून 2023 चा संप मला महत्त्वाचा वाटतो. जनरल मोटर्स, फोर्ड आणि स्टेलांटिस (जुनी क्रायस्लर) या तिन्ही कंपन्यांत एकाच वेळी संप पहिल्यांदाच झाला. एप्रिल 2028 पर्यंत 25 टक्के वाढ मिळाली, 2009 मध्ये थांबवलेला महागाई भत्ता परत आला, आणि नव्या कामगाराला पगाराच्या सगळ्यात वरच्या दराला पोचायला लागणारी आठ वर्षं तीनवर आली. भाचा म्हणतो, गाड्या महागतील. जनरल मोटर्सच्या प्रमुख मेरी बारा यांना 2022 साठी सुमारे 2 कोटी 90 लाख डॉलर मिळाले, तेव्हा त्याने हे म्हटलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र राहून गेली. 2007 नंतर लागलेल्यांना जुनी पेन्शन याही करारात मिळाली नाही. कंपनी त्यांच्या निवृत्तीच्या गुंतवणूक खात्यात पगाराच्या 10 टक्के टाकते. पुढे बाजार पडला तर सोसायचं त्यांनीच. 2028 च्या बोलणीत युनियनने हा विषय पगारवाढीच्या आधी घ्यावा.