कलोडनचं माळरान आणि फोर्ट जॉर्जमधला हत्ती

माझं आजोळ भोकरदनचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामा केळणेच्या काठावर उभा राहून असईच्या दिशेने हात करायचा आणि म्हणायचा, "इथं इंग्रजांनी शिंद्यांना हरवलं." त्या इंग्रजांमधले बरेच जण इंग्रज नव्हतेच, हे कळायला मला पन्नाशी उलटून स्कॉटलंडला जावं लागलं.

मे महिन्यात गेलो. मी, बायको आणि ॲबर्डीनला नोकरी करणारा भाचा. एडिंबरा बघून झालं होतं, त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मी लिहितोय इन्व्हर्नेसच्या दोन दिवसांबद्दल. एडिंबराहून थेट रेल्वे आहे, साडेतीन तास धरा. पर्थ सोडलं की गाडी डोंगरांत शिरते आणि ड्रमॉख्टर खिंडीत 452 मीटरवर पोचते. ब्रिटनच्या मुख्य रेल्वेमार्गांवरची ही सर्वात उंच जागा. आपल्याला घाटाची सवय, त्यामुळे उंचीचं काही वाटत नाही, पण झाड नावाला नसलेले ते तपकिरी डोंगर बघून बायको म्हणाली, "अहो, हे तर मराठवाड्यातलं जानेवारी वाटतंय, फक्त ओलं." तिकीट आठवडे दोन आठवडे आधी काढलं तर बरंच स्वस्त पडतं.

कलोडनचं रणमैदान गावापासून आठेक किलोमीटरवर. बस जाते, पण आम्ही गाडी भाड्याने घेतली होती. भारतीय परवान्यावर इथे वर्षभर गाडी चालवता येते, वाहतूकही आपल्यासारखीच डावीकडून. गिअर नसलेली गाडी हवी असेल तर आधीच सांगून ठेवा, ऐनवेळी मिळत नाही. आणि अरुंद रस्त्यांवर मधेमधे 'पासिंग प्लेस' असतात. तुमच्या डाव्या हाताला असेल तर आत शिरून थांबा, उजवीकडे असेल तर तिच्यासमोर रस्त्यातच थांबा, समोरचा आत वळेल. समोरच्याने थांबून वाट दिली तर हात वर करायचा, हा तिथला शिष्टाचार. तिथे गाडी लावून फोटो काढू नका. भाच्याने आम्हाला हे तीनदा बजावलं आणि मग स्वतःच एका ठिकाणी मेंढ्यांचा फोटो काढायला उतरला.

मैदानावर फिरायला पैसे लागत नाहीत. तिकीट आहे ते माहिती केंद्राचं, आणि ते जरूर काढा, नाहीतर माळरान बघून परत याल. आतल्या दालनात एका भिंतीवर सरकारी पक्ष, समोरच्या भिंतीवर जॅकोबाइट पक्ष. मधून चालत जायचं आणि दोघांचं ऐकत जायचं. जॅकोबाइट म्हणजे पदच्युत झालेल्या जेम्स राजाच्या घराण्याला गादी परत मिळावी म्हणून उठलेले लोक. त्यांचा नेता राजाचा नातू, पंचविशीतला चार्ल्स स्टुअर्ट. समोर गादीवरच्या, मूळच्या जर्मन हॅनोव्हर घराण्याचा राजपुत्र कंबरलंड, तोही तेवढ्याच वयाचा. ही इंग्लंडविरुद्ध स्कॉटलंड अशी सरळ लढाई नव्हती. सरकारी फौजेतही स्कॉटिश पलटणी होत्या. भाऊबंदकी आपल्याला वेगळी समजावून सांगायला नको.

16 एप्रिल 1746. आदल्या दिवशी माणशी एक बिस्किट खाऊन जॅकोबाइट सैन्य रात्रभर चालत होतं. नेअर्नला कंबरलंडच्या छावणीवर छापा घालायचा बेत होता. अंधारात, दलदलीत उशीर झाला, उजाडायला लागलं, तेव्हा अर्ध्या वाटेतून परतले. त्याच उपाशी, झोपेने पेंगुळलेल्या माणसांनी दुपारी गारांच्या माऱ्यात तरवारी उपसून तोफांवर धाव घेतली. तासाच्या आत सगळं आटोपलं. जॅकोबाइटांचे हजारावर, बहुधा दीड हजार माणसं पडली. सरकारी आकडा पन्नास. आतल्या एका खोलीत चारही भिंतींवर ही लढाई दाखवतात, आपण मधोमध उभे. चार मिनिटांचा खेळ, पण बायको अर्ध्यातच बाहेर आली. लहान मुलं बरोबर असतील तर विचार करून आत न्या.

बाहेर निळे झेंडे जॅकोबाइटांच्या रांगेवर, लाल सरकारी रांगेवर. निळ्यापासून लालकडे चालत जा, उलटं नको. जमीन सपाट दिसते पण पायाखाली भसाभस रुतते. माझे बूट पाच मिनिटांत मोज्यांसकट ओले झाले, तेव्हा तरवार घेऊन या चिखलातून धावणं काय असेल ते जरा कळलं. मधे गवताचे लांबट उंचवटे आहेत, ती सामुदायिक थडगी. त्यांच्या डोक्याशी 1881 साली बसवलेले ओबडधोबड दगड, त्यांवर घराण्यांची नावं: कॅमेरॉन, मॅकिंटॉश, फ्रेझर. एकावर नुसतं 'मिश्र घराणी'. एका टीव्ही मालिकेमुळे फ्रेझरांच्या दगडापाशी गर्दी असते. तिथे लोक फुलं ठेवतात, सेल्फी काढतात. उंचवट्यांवर पाय देऊ नका, एवढं सांभाळलं तरी पुरे. निघताना माहिती केंद्राची बाहेरची भिंत बघायला विसरू नका. तिच्यातून दगड पुढे काढलेत, पडलेल्या माणसांच्या हिशोबाने. सरकारी बाजूचे चटकन संपतात. दुसऱ्या बाजूचे संपतच नाहीत.

जवळच क्लाव्हाचे दगडी गोल आहेत, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या दफनाच्या जागा. फुकट. अर्धा तास पुरतो. झाडीत शांत वाटतं.

जेवणाचं थोडक्यात: हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, फुफ्फुस, यकृत ओटच्या भरड्यात शिजवलेलं. वजडी खाणाऱ्याला त्यात घाबरण्यासारखं काही नाही, फक्त तिखट सोबत न्या. शाकाहारी हॅगिसही सर्रास मिळतं, बायकोला तेच जास्त आवडलं.

आता फोर्ट जॉर्ज हा किल्ला. पहिल्या दिवशी दुपारी उशिरा पोचलो आणि दारातूनच परत फिरलो. बंद व्हायच्या बऱ्याच आधी प्रवेश थांबतो, उन्हाळ्यात रात्री नऊलाही उजेड असतो म्हणून फसू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो आणि साडेचार तास लागले. एडिंबरा, स्टर्लिंग वगैरे किल्ले बघणार असाल तर एक्सप्लोरर पास घ्या, त्यात हा किल्ला येतो. कलोडन दुसऱ्या संस्थेचं आहे, ते त्यात येत नाही.

गड म्हटलं की आपले गुडघे आधी तयारी करतात. इथे चढायचंच नाही. समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या जिभेवर किल्ला असा पसरलाय की लांबून तट दिसतच नाही, गवताळ बांध वाटतो. जवळ गेलं की खंदक, लाकडी पूल, मग टोकदार बुरुज. तोफगोळा भिंतीवर आदळला तर मातीत रुतावा म्हणून तट जाड आणि बुटका. कलोडननंतर पुन्हा कोणी उठू नये म्हणून 1748 ला काम सुरू केलं, 1769 ला संपलं. दोन लाख पौंडांच्या वर खर्च आला. तोवर उठायला कोणी उरलंच नव्हतं. किल्ल्यावर एकदाही हल्ला झाला नाही. अडीच हजार पिंपं मावतील असं दारूकोठार मात्र जरूर बघा. तटावर वारा असा की बायकोची ओढणी खंदकात गेली. कानटोपी न्या, मे असला तरी. नशीब असेल तर तटावरून डॉल्फिन दिसतात, आम्हाला दिसले नाहीत.

आतल्या संग्रहालयात माझा दिवस गेला. कलोडननंतर सरकारने हायलंडच्या, म्हणजे उत्तरेकडच्या डोंगराळ भागातल्या पुरुषांना टार्टन (चौकड्यांचं लोकरी कापड) आणि किल्ट (त्याचा गुडघ्यापर्यंतचा घागरा) घालायला बंदी केली. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, पुन्हा सापडला तर सात वर्षं समुद्रापार. 1782 पर्यंत हा कायदा होता. सूट एकाच ठिकाणी: राजाच्या हायलंड पलटणीत भरती झालात तर. मागच्या पिढीने ज्या घराण्याविरुद्ध तरवार उपसली, त्याच घराण्याच्या फौजेत पुढच्या पिढ्या किल्ट घालून उभ्या राहिल्या. त्यातलीच 1793 ला मॅकेन्झींनी उभारलेली 78वी हायलंडर्स.

भाचा एका काचेच्या कपाटापाशी थांबला होता. "मामा, हरणाच्या शिंगांशेजारी हा हत्ती कुठून आला?"

बोटाच्या पेराएवढा पितळी हत्ती. कॉलरवर लावायचा बिल्ला. वर अक्षरं कोरलेली. चष्मा पुसून वाचलं: असई.

23 सप्टेंबर 1803. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली याच्या फौजेतल्या 78व्या आणि 74व्या या दोन हायलंड पलटणी शिंद्यांच्या तोफांवर चालून गेल्या. 74वी तर गावाच्या फार जवळ गेली आणि जवळजवळ संपली. वेलस्लीच्या बाजूची दीड हजारांहून जास्त माणसं पडली किंवा जखमी झाली. शिंद्यांच्या कवायती पायदळाचा सेनापती पोलमन, तो मूळचा हॅनोव्हरचा. म्हणजे स्कॉट माणसं हॅनोव्हरच्या राजासाठी हॅनोव्हरच्या माणसाशी लढली, आणि मेली ती जालना जिल्ह्यात. त्या दिवसाची निशाणी म्हणून हत्तीचा मान मिळाला, तो पुढे कित्येक पिढ्यांनी गळ्याशी मिरवला.

तिथे बसलेले एक वयस्कर गृहस्थ, बहुतेक निवृत्त फौजी, आमची कुजबुज ऐकून उठून आले. कुठून आलात, विचारलं. मी कपाटातल्या अक्षरांवर बोट ठेवलं. त्यांना वाटलं मला वाचता येत नाहीये. "असाय," ते म्हणाले.

"असई," मी म्हणालो. "माझ्या आजोळच्या शेजारचं गाव."

त्यांनी ते दोनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा बरोबर जमलं. मग त्यांनी विचारलं, तिथे आता काय आहे? मी म्हणालो, कापूस, मका, आणि नदीला पाणी असलं तर पाणी.