फ्लॉरेन्सचे तीन दिवस आणि महाराजांची छत्री

येत्या ऑक्टोबरात आई आणि मी इटलीतल्या फ्लॉरेन्सला जाणार आहोत. हातात पूर्ण दिवस तीनच आहेत, म्हणून काय पाहायचे यापेक्षा कोणत्या वारी काय पाहायचे हे मी आधी ठरवायला घेतले. ही अक्कल अनुभवातून आली आहे. काही वर्षांपूर्वी एका सहल कंपनीबरोबर मी याच शहरात सोमवारी सकाळी उतरले होते आणि सोमवारी उफिझी व अकादेमिया ही दोन्ही संग्रहालये बंद असतात. मार्गदर्शकाने आम्हाला सिन्योरिया चौकातल्या, मायकेलअँजेलोच्या डेव्हिड पुतळ्याच्या प्रतिकृतीसमोर उभे करून छायाचित्रे काढली आणि तोच मूळ पुतळा असल्याच्या समाधानात अर्धी बस चामड्याच्या दुकानात शिरली. मूळ पुतळा १८७३ सालीच चौकातून हलवून अकादेमियात नेला आहे, हे मला घरी आल्यावर कळले.

म्हणून या वेळी मंगळवारी संध्याकाळी पोहोचायचे आणि शनिवारी निघायचे असे ठरवले. महिन्याचा पहिला रविवार तर मी कटाक्षाने टाळला. त्या दिवशी सरकारी संग्रहालयांत प्रवेश विनामूल्य असतो आणि त्याची किंमत रांगेत उभे राहून मोजावी लागते.

बुधवार उफिझीसाठी आहे. नावाचा अर्थ ‘कचेऱ्या’. मेदिची घराण्याच्या कोसिमोने १५६० साली वास्तुविशारद वासारीकडून ही इमारत राज्यकारभारासाठीच बांधायला घेतली होती. तिथले सगळे पाहायचा हट्ट मी सोडला आहे. चित्रकार बोत्तिचेल्लीच्या दालनात निवांत अर्धा तास बसायला मिळाले, तरी तिकिटाचे पैसे वसूल झाले असे मी समजेन.

गुरुवारी सकाळी कॅथेड्रल. त्याच्या घुमटावर जायला ४६३ पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही आणि तिकिटावर वेळ ठरलेली असते. आईच्या गुडघ्यांना हे जमणार नाही, म्हणून मी एकटी चढणार आणि ती खाली थांबणार. हा घुमट ब्रुनेलेस्कीने १४२० ते १४३६ या काळात जमिनीपासून लाकडी साचा न उभारता बांधला; एकात एक असे त्याचे दोन घुमट आहेत आणि चढण्याची वाट त्या दोहोंमधल्या पोकळीतून जाते. जिथे कलाकुसर नाही अशा या अरुंद वाटेवर बांधणाऱ्याची हुशारी डोळ्यांसमोर दिसते, असे मला वाटते. म्हणून पायऱ्यांचा हा खटाटोप. दुपारी अकादेमियात जाऊन पाच मीटरांहून उंच असा खरा डेव्हिड, या वेळी नक्की खरा, पाहायचा.

जेवणाची काळजी आईला जास्त आहे. तिथल्या पावात मीठ नसते, हे ऐकल्यापासून तिने कांदा-लसूण मसाल्याची बरणी काढून ठेवली आहे. शिळा पाव, पालेभाज्या आणि पांढऱ्या घेवड्याची रिबोल्लिता आम्हाला चालेल. लाम्प्रेदोत्तो मात्र गाईच्या पोटातला भाग असतो, त्यामुळे ते नाव मी तिला आधीच पाठ करून दिले आहे.

आणि शुक्रवारची सकाळ. “म्युझियमं तुझी तू बघ गं, मला आधी महाराजांच्या छत्रीपाशी ने,” हे आईचे पहिल्या दिवसापासूनचे म्हणणे आहे. आम्ही कोल्हापूरचे. करवीरचे छत्रपती राजाराम महाराज (शाहू महाराजांचे चिरंजीव राजाराम नव्हेत, त्यांच्या आधीच्या काळातले) इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये वारले. वय अवघे वीस वर्षांचे. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होते. तिथल्या लोकांना अपरिचित असलेल्या हिंदू पद्धतीने, आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला आणि १८७४ साली तिथे स्मारक म्हणून छत्री उभी राहिली. तिचा आराखडा मेजर मँट या इंग्रज वास्तुविशारदांचा, म्हणजे ज्यांनी पुढे आमच्या नव्या राजवाड्याचा आराखडा केला त्यांचाच. आतला महाराजांचा अर्धपुतळा शिल्पकार फुलर यांनी घडवला. शेजारच्या मोठ्या पुलालाही लोक ‘इंदियानो’चा, म्हणजे भारतीयाचा, पूल म्हणतात.

ही जागा कॅशिने उद्यानाच्या अगदी पश्चिम टोकाला आहे. ट्राम उद्यानाच्या शहराकडच्या बाजूला सोडते आणि तिथून आईला चालवणे शक्य नाही, म्हणून टॅक्सी करायची. रस्त्यात हात दाखवून टॅक्सी थांबवायची पद्धत तिथे नाही. ती थांब्यावरून घ्यावी लागते किंवा फोन करून बोलवावी लागते. परतीच्या टॅक्सीचा फोन नंबर मी वहीत लिहून ठेवला आहे.

आईने उदबत्तीचा पुडा सामानात घातला आहे. काडेपेटी विमानात नेता येत नाही, म्हणून ‘तिथे घ्यायच्या वस्तू’ या रकान्यात सध्या ती एकटीच आहे.